सोळाशे मीटर: आदल्या सकाळपासून

जानेवारी २०२३, पोलीस भरती. पोरांसाठी सोळाशे मीटर, म्हणजे मैदानाचे चार राउंड. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले तर २० पैकी २०. आम्ही त्याला 'आऊट ऑफ' म्हणतो. ७:१० च्या वर गेलं की शून्य. माझं टायमिंग महिनाभर ५:०८ ते ५:१२ मध्ये येत होतं. म्हणजे ग्राउंड, भरतीची मैदानी चाचणी, निघायलाच हवं होतं. ते कसं गेलं, त्याचा हा हिशेब.

आदला दिवस, सकाळी ६:००
अचलपूर स्टेशनजवळची मोकळी जागा. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून तिथे आम्हीच पळतो. आज आराम करायचा होता. पण मन म्हणालं, एकदा खात्री करून घे. चुन्याच्या रेघेवर पूर्ण जोर लावून सोळाशे मारले. ५:१६. खात्री करायला गेलो आणि सहा सेकंदांची धास्ती घेऊन घरी आलो.

दुपारी २:००
परतवाड्याच्या बाजारात नवे बूट घेतले. जुन्यांचा तळ घासला होता, पण माझे सगळे चांगले टायमिंग त्यातच आलेले. पिशवीत मात्र नवेच टाकले.

सायंकाळी ५:००
आई ताट घेऊन मागे. "दोन घास खाऊन जाय रे बाबू. उपाशी कोनी धावते का?" अर्धी भाकर कशीबशी गिळली. एसटीत आसेगाव येईपर्यंत तीही घशाशी आली.

रात्री ९:३०
अमरावती. मैदानाबाहेर फुटपाथवर चादरी अंथरून पोरं आडवी झालेली. बाजूचा अकोल्याचा. "माहा चार पंचावन्न येते," तो म्हणाला. त्याच्या पलीकडचा म्हणाला, चार बावन्न. घड्याळ कुणी पाहिलं होतं, हे मी विचारलं नाही. माझं ५:१० मला तिथेच लाजिरवाणं वाटायला लागलं.

रात्री १:१५
झोप नाही. किती तास उरले, हे दर वीस मिनिटांनी मोजत होतो. आधीच्या रात्री नीट झोप झाली असेल तर एका जागरणाने महिन्यांची मेहनत वाया जात नाही. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळे झोपेपेक्षा झोप न येण्याच्या काळजीनेच जास्त थकलो.

पहाटे ४:४०
रांग. तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आलो. पोटात गोळा, हात गार. मागच्या पोराने ताकदीच्या पेयाचा डबा पुढे केला. आयुष्यात कधी न घेतलेली ती वस्तू मी नेमकी त्या दिवशी, रिकाम्या पोटी घेतली. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली.

सकाळी ६:२०
उंची बसली. मग छातीचं माप: साधी ७९, फुगवून ८४ सेंटिमीटर. घरी आरामात ८६ भरायची. इथे टेप लागला आणि श्वास वरच्या वरच अडकला. "फुगव ना बाबू, कपडे शिवाले नाई आला तू," हवालदार म्हणाले. मागचे हसले. तिसऱ्या खेपेला काठावर ८४.

सकाळी ७:३०
छातीवर नंबर, पायात नवे बूट. आमची बॅच रेघेवर. ओठांना आणि बोटांना मुंग्या, डोकं हलकं. हवा पुरत नाही असं वाटून मी भराभर श्वास ओढत राहिलो. खरं तर हवा कमी नव्हती. घाईघाईने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर पडतो, आणि मुंग्या, चक्कर, गुदमरल्यासारखं वाटणं त्यातूनच येतं. अशा वेळी श्वास सावकाश सोडायचा असतो. मी ओढतच होतो.

सकाळी ७:४०
शिट्टी. सगळी भीती पायांत उतरली आणि मी सुटलो. पहिला राउंड संपला तेव्हा कडेच्या घड्याळात १ मिनिट ६ सेकंद. आऊट ऑफला राउंड साधारण ७७ सेकंदांचा लागतो. सगळ्यांत पुढे मी होतो आणि अकोल्याचा बराच मागे होता.

सकाळी ७:४३
तिसरा राउंड. मांड्या दगड झाल्या. टाचेचा फोड फुटून मोजा ओला. अकोल्याचा शांतपणे बाजूने निघून गेला. वळणावर मी गुडघ्यांवर बसलो, उठलो, चाललो, परत पळालो.

सकाळी ७:४७
रेघ ओलांडली. ७:१४. चार सेकंदांनी शून्य. गोळाफेक आणि शंभर मीटर मिळून राहिले ३० गुण, आणि पात्र व्हायला लागतात ५०पैकी २५. माझे झाले १९.

घरी सगळ्यांना सांगितलं, तिसऱ्या राउंडला पाय गेले. ते खोटं होतं. माझं ग्राउंड आदल्या दिवशी सकाळी सहालाच जायला लागलं होतं. खात्रीचं टायमिंग, नवे बूट, तो डबा, हे सगळं मी भीती घालवायला केलं आणि प्रत्येक वेळी तिला खाऊ घातलं. तरी मी नशिबाचा. २०१४ साली मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना पोरं जीवानिशी गेली होती.

आता स्टेशनजवळ नवी पोरं पळतात. त्यांना एवढंच सांगतो: धाकधूक होणारच, चार बावन्नवाल्यालाही होते. आदल्या दिवशी पळू नका. जुने बूट घाला, रोजचंच खा. रेघेवर श्वास लांब सोडा. चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबा, भरती परत येते. आणि पयला राउंड अठ्ठ्याहत्तरचा मारा, लोक पुढं गेले तरी जाऊ द्या.