टोपीवरील चिन्ह : चीनमधील राजकीय पोशाख आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस

प्रस्तुत लेखात चीनमधील राजकीय पोशाखाचा अर्थ सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या गणवेशाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. कोटणीसांच्या त्यागाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. त्यांच्या वेषाकडे इतिहासाचे साधन म्हणून मात्र फारसे पाहिले गेलेले नाही.

चीनमध्ये वस्त्र ही राज्यसत्तेची भाषा होती. मिंग काळापासून मुलकी अधिकाऱ्याच्या झग्यावर पक्षी, तर लष्करी अधिकाऱ्याच्या झग्यावर पशू असे व त्यावरून दर्जा कळे. १६४५ मध्ये मांचू राज्यकर्त्यांनी हान पुरुषांवर वेणीची सक्ती केली. नकाराची शिक्षा मृत्यू होती. म्हणूनच १९११ च्या क्रांतीत वेणी कापणे हे राजनिष्ठा सोडल्याचे जाहीर चिन्ह ठरले. पुढे सुन यत-सेन यांच्या नावाने ओळखला जाणारा बंद गळ्याचा कोट प्रजासत्ताकाचा पोशाख झाला. त्याचे चार खिसे म्हणजे चार सद्गुण, हा अर्थ बहुधा मागाहून जोडला गेला असावा.

सोलापूरकरांस ही भाषा अपरिचित नव्हती. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला, त्या काळात खादीची पांढरी टोपी ही सरकारविरोधाची उघड खूण होती. अशा शहरातला हा तरुण १९३८ मध्ये काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि १९३९ मध्ये येनान येथे आठव्या मार्गसेनेत दाखल झाला.

या सेनेच्या गणवेशाची कथा विलक्षण आहे. १९३७ मध्ये जपानविरोधी संयुक्त आघाडी झाली तेव्हा लाल सैनिकांना टोपीवरील तांबडा तारा काढून राष्ट्रवादी पक्षाचे सूर्यचिन्ह लावावे लागले. ज्यांच्याशी दहा वर्षे लढलो, त्यांचेच चिन्ह डोक्यावर घ्यायचे, हे अनेकांना असह्य झाले. सेनापती व सैनिक यांच्या वेषात मात्र फारसा फरक नसे, ही बाब जुन्या दरबारी पोशाखाच्या तुलनेत महत्त्वाची वाटते.

आपल्या मनातील कोटणीस बहुतांशी व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटातून आले आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. काँग्रेसने पाठविलेले कोटणीस १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले व त्याच वर्षी ९ डिसेंबरला निवर्तले. भैय्या चौकातील स्मारकात विद्यार्थ्यांना नेले की, हा गणवेश कोणत्या देशाचा, असा प्रश्न हमखास येतो. 'चीनचा' हे उत्तर चुकीचे नाही. परंतु १९३९ मध्ये त्या टोपीवर कोणाचे चिन्ह होते व ती कोणाच्या हुकमाखाली घातली जात होती, हे सांगावयास मला तासाचा बराच भाग लागतो.