अँथनी नावाचे गुरुजी
१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ झळकला. ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या, दारूचा गुत्ता चालविणाऱ्या अँथनी गोन्साल्विसवर आम्हीही पोटभर हसलो. ते नाव कोणाचे, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले असे कितीतरी वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. संगीतकाराने चाल सांगावी आणि सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांनी ती कागदावर उतरवून वाद्यवृंदाला वाटून द्यावी, अशी रीत होती. श्रेयनामावलीत त्यांना फार तर ‘साहाय्यक’ म्हणत!

१९५८ साली गोन्साल्विस यांनी भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसविले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.