गावाच्या नावातलं स्टेशन



बचत गटाच्या कामासाठी माझं लासूर स्टेशनला नेहमी जाणं होतं. मागे एकदा बँकेचा फॉर्म भरताना गटातल्या एका नव्या सुनेनं विचारलं, "ताई, गावाच्या रकान्यात लासूर लिहू का लासूर स्टेशन?" मी काही बोलायच्या आत तिची आजेसासू म्हणाली, "लासूर अलग अन् स्टेशन अलग. लासूर देवीचं, आपलं गाव रेल्वेचं."

आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्या एका वाक्यात त्यांनी गावाचा इतिहास सांगून टाकला. आज तोच जरा उलगडून बघू.

छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे निघालं की सुमारे चाळीस किलोमीटरवर लासूर स्टेशन येतं. तालुका गंगापूर. मूळचं लासूर शिवना नदीच्या काठावरचं, दाक्षायणी देवीचं जुनं गाव. स्टेशनचं गाव मात्र रुळांच्या आधारानं वाढलं. आज तिथे बाजार समिती आहे. कांदा, मका, कापूस घेऊन आजूबाजूच्या गावांची माणसं तिथे येतात.

आपल्या भागात रेल्वे आली तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं. मनमाड मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. मनमाडपासून हैदराबादपर्यंत 391 मैलांचा मार्ग 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. त्याचं नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. अंकाई, नगरसूल, तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद अशी स्टेशनं या वाटेवर आली. वैजापूरकरांना आजही गाडी धरायला रोटेगावलाच जावं लागतं.

आता ही वर्षं नीट लक्षात घ्या. 1899-1900 मध्ये आपल्याकडे मोठा दुष्काळ पडला होता. त्याआधी 1897 चा दुष्काळ होऊन गेलेला. 1891 च्या शिरगणतीत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 28 हजारांच्या वर होती. 1901 मध्ये ती 7 लाख 21 हजारांवर आली. दहा वर्षांत एक लाखाहून जास्त माणसं कमी झाली. कुणी उपासमारीनं आणि रोगानं गेली, कुणी गाव सोडून गेली. ज्या वर्षांत घरं रिकामी होत होती, त्याच वर्षांत या मातीत रूळ पडत होते. मार्ग किती मैलांचा, हे सरकारी पुस्तकात छापलेलं आहे. माती वाहणाऱ्या बाईचं नाव मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

रेल्वे आली आणि कापसाचा व्यापार वाढला. कापूस मुंबईला पोचवणं सोपं झालं, म्हणून सरकी काढायचे जिनिंग कारखाने आणि गाठी बांधायचे प्रेस उभे राहिले. एकट्या जालन्यात 9 जिनिंग कारखाने आणि 5 प्रेस झाले. 1901 साली जिल्ह्यातल्या अशा कारखान्यांत 1,016 माणसं कामाला होती. कापूस वेचायचं काम बायकांचं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. म्हणजे मालगाडीत चढणाऱ्या प्रत्येक गाठीला आधी कुणातरी बाईचा हात लागलेला होता.

पण हा रूळ अरुंद होता. दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर, म्हणून त्याला मीटरगेज म्हणायचे. मनमाडहून मुंबईला जाणारा रूळ रुंद, म्हणजे ब्रॉडगेज. आपली गाडी त्या रुळावर चढूच शकत नव्हती. मनमाडला माणसांनी गाडी बदलायची आणि मालाचं एकेक पोतं हमालांनी पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायचं. पैसाही निराळा होता. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार. साधारण 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. शिवाय हद्दीवर मालाला करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागायची.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. हद्द गेली आणि काही वर्षांत हाली सिक्काही गेला. 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत आली आणि 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेली. रूळ मात्र अरुंदच राहिला. तो रुंद व्हावा म्हणून मराठवाड्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी स्वातंत्र्यलढ्यातली माणसं त्यात पुढे होती. शेवटी 1990 नंतरच्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि इथून थेट मुंबईची गाडी मिळू लागली.

आता परत त्या आजींकडे येते. मी त्यांना विचारलं, "आजी, तुम्ही या गावात कधी आलात?" म्हणाल्या, "साल नाही ठाऊक. छोट्या गाडीनं आले. नव्या लुगड्यावर कोळशाची कणी उडली, तर सासू म्हणली, आता हे रोजचंच." त्यांचे मालक मालधक्क्यावर हमाल होते. आजी व्यापाऱ्याच्या आडतीवर धान्य चाळायच्या, पाखडायच्या, फाटकं बारदान शिवायच्या. मालगाडी लागली की हमालांसाठी भाकरी थापून धक्क्यावर पोचवायच्या. किती भाकरी? "मोजल्या कुणी? पीठ सरेपर्यंत."

मैत्रिणींनो, हे ऐकून मी जरा गप्पच झाले. आज आपण गटातून कर्ज काढून खानावळ टाकतो आणि त्याला उद्योग म्हणतो. आजींनी तोच उद्योग पंधरा-वीस वर्षं केला. त्याचा हिशेब कुठेच नाही. त्यांच्या रेशनकार्डावर धंदा म्हणून 'घरकाम' लिहिलेलं आहे.

गाडी थांबते म्हणून स्टेशनचं गाव जगतं. समृद्धी महामार्गही आपल्या गंगापूर-वैजापूर तालुक्यांतूनच गेला, पण तो कुंपणाच्या आतून पळतो. तिथे पेरूची पाटी घेऊन उभं राहता येत नाही. पॅसेंजर गाडीत ते जमतं. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे देशभर पॅसेंजर बंद झाल्या. पुढे त्या सुरू झाल्या, तेव्हा दहा रुपयांच्या कमीत कमी तिकिटाला तीस रुपये पडायला लागले. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. दिवसाला दोनशे रुपये सुटणाऱ्या बाईला जाण्यायेण्याचे चाळीस रुपये जास्त म्हणजे काय, हे आपल्या गटाच्या वह्या उघडल्या की कळतं.

आता या मार्गावर विजेची इंजिनं आली आहेत. दुसऱ्या रुळाचं कामही मंजूर झालं आहे. ते व्हायलाच हवं. पण नवीन काम आलं की जुना धक्का, जुनी क्वार्टर्स, जुनी झाडं जातात. छोटी गाडी पाहिलेल्या बायकाही आता थकल्या आहेत.

म्हणून माझी एक विनंती. तुमचं गाव रेल्वेचं असो, धरणाचं असो की साखर कारखान्याचं, पुढच्या मासिक बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा. तिला तीनच गोष्टी विचारा. तू या गावात कशी आलीस? कोणकोणती कामं केलीस? त्याचे पैसे कुणाच्या हातात पडायचे? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तिच्या नावासकट, गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवा. आम्ही लासूर स्टेशनला सुरुवात केली आहे. सात पानं झाली.

आणि हो, त्या सुनेनं फॉर्मवर 'लासूर स्टेशन' असंच लिहिलं. खाली आजीनं अंगठा नाही लावला. गटात शिकलेली सही केली.