त्राटिका कोण होती? शेक्सपिअर, पुणेरी रंगभूमी आणि ताराबाई

बोलणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे एक शब्द तयार असतो. त्राटिका. ग्रामसभेत रेशनचा हिशोब मागणारी त्राटिका, नवऱ्याने उचललेला हात धरणारी त्राटिका, बैठकीत पुरुष कार्यकर्त्याला मध्येच थांबवून "माझं बोलणं पूर्ण होऊ द्या" म्हणणारीही त्राटिका. हा शब्द मनुवाद्यांच्या तोंडी असतो तसा निळा गमछा घातलेल्या आपल्या पोरांच्याही तोंडी असतो. म्हणून तो कुठून आला आणि रंगमंचावर कोणी चढवला, हे बघायला हवं.

रामायणातल्या ताटकेचं मराठी तोंडात झालेलं रूप म्हणजे त्राटिका. वाल्मीकींच्या बालकांडात ती मुळात यक्षिणी आहे. तिचा नवरा सुंद अगस्त्यामुळे मारला जातो. ही विधवा मुलाला घेऊन अगस्त्यावर चालून जाते, तेव्हा अगस्त्य शाप देऊन तिला राक्षसी करतो. पुढे विश्वामित्राच्या आज्ञेवरून राम तिला मारतो. बाई आहे म्हणून राम आधी कचरतो, तर गुरू समजावतो की इथे दयामाया नको. नवरा गमावलेल्या बाईचा राग तिला राक्षसी ठरवायला पुरला, हे लक्षात ठेवा.

आता एकदम १८९१ सालच्या पुण्यात येऊ. वासुदेव बाळकृष्ण केळकर हे फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि टिळक-आगरकरांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. त्यांनी शेक्सपिअरचं 'टेमिंग ऑफ द श्रू' मराठीत आणलं आणि नाटकाला नाव दिलं 'त्राटिका'. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं. गणपतराव जोशी झाले प्रतापराव आणि बळवंतराव जोग झाले त्राटिका. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे नाटक 'यशस्वी सुखात्मिका' म्हणून नोंदलं जातं. त्यात सुख कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

मूळ नाटकात काय घडतं ते साध्या भाषेत सांगतो. एका श्रीमंत बापाची थोरली मुलगी तिखट तोंडाची आहे. एक पुरुष येतो आणि पैशाची बायको हवी म्हणून आलोय, असं उघड सांगतो. लग्नाला फाटक्या वेशात येतो आणि लग्नाचं जेवण न जेवताच बायकोला ओढून नेतो. घरी गेल्यावर वाढलेलं अन्न करपलंय म्हणून फेकून देतो, तिला झोपू देत नाही, शिंप्याने शिवून आणलेला झगा नापास करून परत पाठवतो. शिकारी ससाण्याला उपाशी ठेवून माणसाळवतात, तसंच मी हिला माणसाळवतोय, हे तो प्रेक्षकांनाच सांगतो. शेवटी भर दुपारी सूर्याला चंद्र म्हण म्हटलं की ती चंद्र म्हणते. मग कोणाची बायको जास्त आज्ञाधारक यावर नवऱ्यांची पैज लागते. ती तो जिंकतो आणि बायको बाकीच्या बायकांना पतिसेवेवर लांबलचक व्याख्यान देते.

उपासमार, झोप मोडणं, दिवसाला रात्र म्हणायला लावणं. पोलीस कोठडीत हे केलं तर त्याला छळ म्हणतात. घरात केलं की विनोदी नाटक होतं.

इंग्रजीचे प्राध्यापक म्हणतील की शेक्सपिअर उपहास करतोय, हे नाटकातलं नाटक आहे, एका दारुड्याची गंमत करायला रचलेलं. असेल. पण उपाशी बाई बघून हसणारा प्रेक्षक उपहासाला हसत नव्हता. आणखी एक गोष्ट. शेक्सपिअरच्या लंडनमध्ये बाईला रंगमंचावर येण्याची मुभा नव्हती, ती १६६० नंतर मिळाली. पुण्यातही तेच. म्हणजे बाईच्या शरणागतीचं भाषण पुरुषाने लिहिलं, पुरुषाने लुगडं नेसून म्हटलं आणि बहुतेक पुरुषांनीच टाळ्या वाजवल्या.

आता माझा मुद्दा. हा स्त्रीद्वेष इंग्रजांनी आपल्यावर लादला, असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्या वेळी खुद्द इंग्लंडात या नाटकावर टीका सुरू झाली होती. १८८८ मध्ये बर्नार्ड शॉने लंडनच्या 'पॅल मॅल गॅझेट'मध्ये एका बाईचं नाव घेऊन पत्र लिहिलं आणि या नाटकावर बहिष्कार टाका असं आवाहन केलं. त्याच्या कितीतरी आधी, १६११ च्या सुमारास, जॉन फ्लेचर नावाच्या नाटककाराने याचा पुढचा भाग लिहून ठेवला होता. त्यात त्याच नवऱ्याची दुसरी बायको त्याला सरळ करते. शेक्सपिअरच्याच काळात उत्तर तयार होतं. पुण्याने मात्र नेमकं पहिलं नाटक उचललं आणि त्यावर रामायणातल्या राक्षसीचं नाव चिकटवलं. इंग्रजी पेटाऱ्यातून काय काढायचं हे ठरवणारे हात आपल्याच मातीतल्या उच्चवर्णीयांचे होते.

कायद्यातही हाच प्रकार झाला. रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लावलेलं लग्न मानून नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला, म्हणून १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. असा दावा मुळात इंग्लंडातून आलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अपिलानंतर प्रकरण फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. आणि गंमत बघा, इंग्लंडात अशा हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. तिकडे टाकून दिलेला चाबूक इकडे जपून ठेवला. टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं वय १० वरून १२ करायचं, एवढंच. त्यालाही धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. 'त्राटिका' त्याच सालातलं. बारा वर्षांच्या मुलीचं शरीर नवऱ्याचं की तिचं, यावर पुणं पेटलेलं असताना बायको माणसाळवण्याचा हा खेळ लिहिला गेला.

रखमाबाईंनी १८८८ मध्ये तडजोडीने सुटका करून घेतली, विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्या सुतार समाजातल्या होत्या, हे पाठ्यपुस्तकात सहसा सांगत नाहीत.

'हॅम्लेट'चं मराठीकरण आणखी विचार करण्याजोगं आहे, आणि त्याचा संबंध आपल्या कोल्हापूरशी आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत उतरवायला घेतलं. ते १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून छापून आलं. हॅम्लेटचा सगळा संताप कशावर आहे? बापाचा खून झालाय हे त्याला कळण्याआधीच तो आईवर जळतोय, कारण तिने दिराशी लग्न केलं. त्या एका बाईवरून तो सगळ्या बायकांना दुबळ्या आणि बेइमान ठरवतो आणि राग काढतो बिचाऱ्या ऑफेलियावर. आगरकर स्वतः विधवाविवाहाचे कडवे समर्थक, त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण विधवेचं केशवपन करणाऱ्या घरांतल्या प्रेक्षकाला हॅम्लेटचा राग समजावून सांगावाच लागला नसेल. उलट आमच्या वस्त्यांत आणि अनेक शेतकरी जातींत पाट लावणं, म्होतूर लावणं ही चालत आलेली रीत होती. आमच्या आज्यांना गर्ट्रूड ही एक बाई वाटली असती, पाप वाटलं नसतं. आज आमच्यातलीच काही घरं पाटाची लाज बाळगतात. वरच्यांची नक्कल करताना आपण बायकांचा एक हक्क गमावला.

बाबासाहेबांनी हे १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. जात टिकते ती जातीतच लग्न लावल्यामुळे आणि ते टिकवायला विधवेला जाळावं लागतं, कोंडावं लागतं, मुलीचं लग्न लहानपणी उरकावं लागतं. बाईवरचा पहारा हेच जातीचं दार. या नजरेने 'ऑथेल्लो' वाचा. १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ते मराठीत आणलं, १८९० मध्ये देवलांनी 'झुंझारराव' केलं. गोरी मुलगी काळ्या सेनापतीशी बापाला न विचारता लग्न करते. बाप जाताना जावयाच्या कानात विष ओततो की जिने बापाला फसवलं ती तुलाही फसवेल. इयागो पुढे तेच विष वापरतो. वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष इथे एकाच वाटीतून पाजले जातात. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या घरी आजही हेच वाक्य ऐकू येतं, फक्त भाषा चंदगडी असते. पण त्याच नाटकात एमिलिया नावाची दासीही आहे. नवऱ्यांना जशा भावना असतात तशा बायकांना नसतात का, असं ती रोखठोक विचारते, शेवटी स्वतःच्या नवऱ्याचं पाप उघडं पाडते आणि त्याच्याच हातून मरते. शेक्सपिअर फेकून देऊ नका, एमिलियाला शोधून वाचा. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या पोरींना हे खास सांगणं आहे.

एमिलियाचा प्रश्न मराठीत विचारणारी बाई मात्र 'त्राटिके'च्या ९ वर्षं आधीच उभी राहिली होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर तोंडसुख घेतलं. तेव्हा बुलढाण्याच्या सत्यशोधक घरातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. पोथ्यांसोबत त्यांनी त्या काळची नाटकं-पुस्तकंही फैलावर घेतली. बाईला कपटी ठरवणारे हे लेखक स्वतः कोणत्या पुण्याईचे, असा त्यांचा सूर आहे. साहित्यातल्या स्त्रीद्वेषाची इतकी धारदार चिकित्सा तेव्हाच्या कुठल्या प्राध्यापकाने केली होती? जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. तेवढाच आधार.

पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्या पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक छापलं नाही. 'त्राटिका' गावोगाव गाजत राहिलं आणि ताराबाईंचं पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत जवळजवळ कोणाच्या हाती नव्हतं. रखमाबाईंवर लावलेला दावा मात्र कधीच अडगळीत गेला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे.