रानाचे शब्द

२०१९च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये वाघ दिसला. वर्धा रोडवर, विमानतळाच्या शेजारी, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींजवळ चक्क वाघ! नागपुरात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. "वाघ शिरला" असंच जो तो म्हणत होता. रानाबद्दल बोलायला आपल्याकडे एवढाच शब्द उरलाय का, असं तेव्हा वाटून गेलं.

कारण याच विदर्भात एक माणूस आयुष्यभर रानाचे शब्द गोळा करत हिंडला. मारुती चितमपल्ली. जन्म १९३२, सोलापूरचा. वनखात्यातून १९९० साली निवृत्त झाले आणि मग बरीच वर्षं नागपुरातच राहिले.

नवेगावबांधला त्यांची नेमणूक होती. तिथला प्रचंड तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. म्हणजे तलाव माणसाचा, पण पाणी साठल्यावर पक्षी आपणहून आले. त्या पक्ष्यांची ओळख चितमपल्लींना नुसत्या पुस्तकांनी करून दिली नाही. गावचे माधवराव पाटील डोंगरवार, तलावावरचे ढीवर, रानातले गोंड हे त्यांचे गुरू. कुठला पक्षी कधी येतो, घरटं कुठे बांधतो, त्याला काय म्हणतात, हे सगळं त्या माणसांच्या तोंडी होतं. चितमपल्लींनी ते लिहून घेतलं, त्याला संस्कृत ग्रंथांची जोड दिली आणि पुढे 'पक्षिकोश' सिद्ध केला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द मराठीला त्यांनीच दिले.

व्यंकटेश माडगूळकरांचंही तसंच. माणदेशचा हा लेखक, चित्रंही काढणारा, नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिला. शिकारीसाठी नव्हे, नुसतं बघायला. 'नागझिरा' हे पुस्तक त्यातून झालं. त्यात फारसं काही 'घडत' नाही. जनावरं पाण्यावर येतात, जातात, लेखक थांबून राहतो. पुस्तकाची गती रानाने ठरवलेली आहे, लेखकाने नाही. मला तर वाटतं, अशा पुस्तकांवर लेखकाच्या नावाशेजारी रानाचंही नाव छापायला हवं. आणि ज्यांनी बोट धरून रान दाखवलं, त्यांचंही.

दोघांचाही मान मराठीने ठेवला. माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईच्या आणि चितमपल्ली २००६ला सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चितमपल्लींना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरात गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

असो. मुद्दा सत्काराचा नाही. चितमपल्लींना शब्द मिळाले, कारण ते सांगणारी माणसं तेव्हा तलावाकाठी आणि रानात होती. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुहीची जमीन गेली. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांना बांधावरच्या प्रत्येक पाखराचं, गवताचं नाव ठाऊक असणार. मोबदल्याचे हिशेब झाले, भांडणंही झाली. पण ती नावं कुणी विचारून ठेवली का? म्हातारी माणसं अजून आहेत. वही-पेन घेऊन जायला फार उशीर झालेला नाही.