ब्रिंडिसी

ब्रिंडिसी : इटलीच्या टाचेवर, एड्रिॲटिक समुद्राकाठी वसलेले बंदर, पुल्या प्रदेशातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ८० हजारांच्या थोडी वर. इटालियन उच्चार ‘ब्रीन्दिझी’, जोर पहिल्या अक्षरावर. ग्रीस किंवा अल्बानियाला निघालेला प्रवासी येथे फेरीबोट गाठण्यापुरता येतो आणि बहुधा गाव न पाहताच पुढे जातो. निदान मराठी माणसाने तरी तसे करू नये, कारण मुंबईची विलायती डाक चाळीसहून अधिक वर्षे याच धक्क्यावरून गेली-आली.

येथील प्राचीन मेसापियन लोकांच्या भाषेतील हरणाच्या डोक्यासाठीच्या शब्दावरून गावाचे नाव पडले, असे मानतात. नकाशा पाहिला की ते पटते. समुद्रातून आत शिरलेली पाण्याची चिंचोळी वाट गावापाशी दुभंगते आणि तिचे दोन फाटे सांबराच्या शिंगांसारखे जुन्या वस्तीला कवेत घेतात. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आतले पाणी निवांत असते. गावाचे सारे भाग्य या एका गोष्टीवर उभे आहे. इ. स. पू. ४९ मध्ये प्रतिस्पर्धी सेनापती पाँपे हा येथून ग्रीसकडे निसटू नये म्हणून ज्युलियस सीझरने बंदराच्या तोंडाशी भराव टाकायला सुरुवात केली. पाँपे निसटला तो निसटलाच. पुढे शतकानुशतके त्या तोंडाशी गाळ साचत गेला, पाणी कोंडले, हिवतापाने गाव पोखरले. १७७० च्या दशकात आंद्रेआ पिगोनाती या अभियंत्याने ती वाट पुन्हा खोदून काढली; तिला आजही पिगोनातीचा कालवा म्हणतात.

रोमहून निघणारा आपियन मार्ग इ. स. पू. ३१२ मध्ये बांधायला घेतला गेला. पुढे वाढत वाढत तो येथे समुद्राला भिडला. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कवी व्हर्जिलचा मृत्यू इ. स. पू. १९ मध्ये येथेच झाला.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि १८७० पासून ब्रिटनची हिंदुस्थानची डाक ब्रिंडिसीमार्गे जाऊ लागली. इटालियन लोक तिला ‘वालीजा देल्ले इंदिये’, म्हणजे हिंदुस्थानची थैली, म्हणत. आठवड्यातून एकदा लंडनहून निघालेली डाक फ्रान्स ओलांडून, आल्प्सच्या बोगद्यातून, इटलीच्या पूर्व किनाऱ्याने येथवर येई. पोती आगगाडीतून उतरून पी अँड ओ कंपनीच्या आगबोटीवर चढत आणि सुएझमार्गे मुंबईला लागत. साउदॅम्प्टनहून जिब्राल्टरला वळसा घालून येणारी डाक स्वस्त असली तरी सावकाश येई. म्हणून घाईचे पत्र धाडणारा पाकिटाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने ‘व्हाया ब्रिंडिसी’ असे लिही आणि जास्तीचे तिकीट लावी. अशी पाकिटे तिकीटसंग्राहकांकडे अजून दिसतात. तिरक्या, घाईच्या अक्षरातले ते दोन शब्द पाहिले, की बॅरिस्टरीला गेलेल्या मुलाच्या खुशालीची वाट पाहणारे घर डोळ्यांपुढे येते. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉगही याच वाटेने येतो : २ ऑक्टोबरला लंडन, ५ ला ब्रिंडिसी, २० ला मुंबई. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ही डाक थांबली. पुढे गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी १४ डिसेंबर १९३१ रोजी येथेच ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले व २८ तारखेला मुंबईत उतरले.

सप्टेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात इटलीचा राजा आणि सरकार येथे मुक्कामाला होते. परंतु गावाची खरी थोरवी मार्च १९९१ मध्ये दिसली. अल्बानियातून खचाखच भरलेल्या बोटींमधून वीस हजारांहून अधिक माणसे दोन-तीन दिवसांत या धक्क्यावर उतरली. शासकीय व्यवस्था उभी राहण्याआधीच गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतले, जेवू घातले, अंगावर कपडे दिले.

मुंबईहून येणाऱ्याने रोम किंवा मिलानला विमान बदलावे. ब्रिंडिसीचा विमानतळ गावाच्या अगदी जवळ आहे. रोमहून थेट आगगाडीने पाच-साडेपाच तास, बारीहून सुमारे एक तास, लेच्चेहून अर्धा तास लागतो. स्थानकातून सरळ रस्त्याने चालत निघाले की पंधरा-वीस मिनिटांत आतल्या बंदराचा धक्का येतो. तेथे रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर सुमारे १९ मीटर उंचीचा रोमन स्तंभ आहे. त्याचा जोडीदार १५२८ मध्ये कोसळला व त्याचे तुकडे लेच्चेला गेले. स्तंभावरचा कोरीव शिरोभाग नक्कल असून मूळ दगड जवळच्या ग्रानाफेई-नेर्वेन्या वाड्यात ठेवला आहे. तो जरूर पाहावा, कारण खालून न दिसणारे देवांचे चेहरे तेथे हाताच्या अंतरावर येतात.

पलीकडच्या काठावर जहाजाच्या सुकाणूच्या आकाराचे, ५३ मीटर उंचीचे खलाशांचे स्मारक आहे. ते १९३३ मध्ये उभारले गेले. कोकणातल्या तरीसारखी एक छोटी बोट काही मिनिटांत तेथे नेऊन सोडते. शाळेची मुले आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायकाही तिच्यातूनच ये-जा करतात. बंदराचा आकार पाण्याच्या पातळीवरून समजून घ्यायला तिच्याइतके चांगले साधन नाही.

मोठ्या फेरीबोटी मात्र आतल्या बंदरातून सुटत नाहीत. त्यांचा धक्का कोस्ता मोरेना येथे, गावाबाहेर कारखान्यांच्या भागात आहे. सामान घेऊन पायी जाण्याचा विचार करू नये, बस किंवा टॅक्सी करावी व दोनेक तास आधी पोचावे. ग्रीसमधील इगूमेनित्सा व अल्बानियातील व्ल्योरा येथे जाणाऱ्या बहुतेक फेऱ्या रात्रभराच्या असतात. कॉर्फूच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे बदलतात. ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे, अल्बानिया नाही. त्यामुळे एकाच प्रवेशाच्या व्हिसावर अल्बानियाला गेलेल्या भारतीयाला त्याच व्हिसावर इटलीत परतता येत नाही. बोट उजेडी सुटणार असेल तर डाव्या कठड्याशी उभे राहावे : बंदराच्या मुखाशी, सांत आंद्रेआ बेटावर, आरागॉनच्या राजांनी बांधलेला तांबूस दगडाचा जलदुर्ग आहे. मावळतीच्या उन्हात त्याच्या भिंती विटकरी होतात आणि बोट अगदी संथपणे त्याच्या पुढून जाते.