अंगणातला फेर

वर्धापनदिनाला कोणता नाच बसवावा याची चर्चा चालली होती, तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "मला काही येत नाही, मी आपली पाहीन." त्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

आपल्या विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीचे भुलोजी-भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीच. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करतात. टिपऱ्यांवर गाणी होतात, मग डबा हलवून खिरापत ओळखायची. खानदेशात हीच गुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा. तेथे पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. नावे निराळी, पण रीत एकच. येथे कोणी आधी शिकून येत नाही. लहानगी मोठीचा हात धरते आणि पाय आपोआप पडू लागतात. फुगडीचेही तसेच. पाय जुळवायचे, मागे झुकायचे आणि समोरचीचा हात सोडायचा नाही.

साता समुद्रांपलीकडेही असे नाच आहेत. जॉन प्लेफोर्ड नावाच्या गृहस्थाने १६५१ साली लंडनला नाचांचे एक पुस्तक छापले. त्यात १०५ नाच होते. पुष्कळ नाचांत समोरासमोर दोन रांगा करून उभे राहत. तिकडून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांनी ते सोबत नेले. अमेरिकेच्या ईशान्य भागात ते आजही चालतात. त्यांना कॉन्ट्रा नाच म्हणतात. एक जण बाजूला उभा राहून पुढची चाल पुकारतो. आजोबा आणि नातवंडे, जाणते आणि नवखे एकाच रांगेत असतात. जोडीदार बदलत जातात, त्यामुळे नवख्याला जाणत्याचा हात मिळतोच.

ही पुकारणाऱ्याची गोष्ट कळली, तेव्हा मला माझी आत्या आठवली. ती तरुणपणीच विधवा झालेली. भुलाबाईची सारी गाणी तिला पाठ होती. आम्ही मुली अडलो, की ती उंबरठ्याच्या आतून पुढची ओळ सांगायची. पण अंगणात ती कधी उतरली नाही आणि तिला कोणी बोलावलेही नाही. म्हणून, आमचा फेर सर्वांचा होता, असे मला म्हणवत नाही.

आज आपल्या मंडळात तो उंबरठा राहिला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र स्पर्धा आली, एकसारख्या साड्या आल्या, महिनाभराची तालीम आली, आणि जिला येत नाही ती पुन्हा खुर्चीवर बसली. हाही उंबरठाच नव्हे काय?

बसवलेला नाच जरूर व्हावा. पण शेवटी अर्धा तास मोकळा फेर धरावा, एवढीच विनंती. "मी आपली पाहीन" म्हणणाऱ्या बाईंचा हात कोणीतरी धरावा. आत्याचा हात मी धरला नव्हता.